लाभ, दोन, तीन

रेणूच्या शाळेने तिच्यासाठी बोलणं हे औषध सुचवलं, आणि ते पाजण्याची जबाबदारी घरातल्या अशा माणसावर येऊन पडली, जो स्वतः आयुष्यभर ते औषध टाळत आला होता.

हिम्मतरावांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या सूची करण्यात नोकरी घालवली. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. ती पाटी वाचकांसाठी होती, पण तिचं पालन मनापासून केलं ते एकट्या हिम्मतरावांनी. निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ते खरोखरच दोन शब्द बोलले आणि खाली बसले. असा माणूस तारनाक्याच्या घरात दुपारभर आपल्या साडेचार वर्षांच्या नातीजवळ बसून असायचा, आणि दोघंही त्यात सुखी होती. शाळा दुपारी बाराला सुटायची. आजी, भामाबाई, जेवून आडव्या व्हायच्या. रेणू आजोबांच्या आरामखुर्चीच्या हातावर बसून त्यांच्या पुस्तकाची पानं उलटायची, मधूनच एखाद्या जुन्या पानाला नाक लावून वास घ्यायची आणि पुस्तक आजोबांच्या नाकापाशी धरायची. तेही वास घ्यायचे. एवढंच चालायचं. जगातल्या कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाला यात संवाद सापडला नसता.

शाळेलाही सापडला नाही. दसऱ्यानंतरच्या पालकसभेत लावण्या मिसनी सांगितलं की मुलगी वन टू थ्री वीसपर्यंत घडाघडा म्हणते, पण समोर ठोकळे ठेवून तीन दे म्हटलं तर मूठभर उचलून देते. आकडे तोंडात आहेत, हातात नाहीत. यासाठी वही-पाटी नको, घरात रोजच्या कामात तिच्याशी बोला. जेवताना, जिना उतरताना, कपड्यांच्या घड्या घालताना. किती, कुठे जास्त, कुठे कमी, एवढंच.

“याचा क्लास असतो का?” हिम्मतरावांच्या मुलाने, प्रशांतने, विचारलं. प्रशांतला प्रत्येक गोष्टीचा क्लास असतो का, हे आधी हवं असतं.

क्लास होता. हब्सीगुड्याला एक केंद्र होतं. शाळेची गाडी मुलांना थेट तिकडे सोडायची आणि संध्याकाळी साडेपाचला घरी. मिस म्हणाल्या, आधी घरी प्रयत्न करून बघा, संक्रांतीनंतर आपण पुन्हा तपासू.

“आम्ही दोघं आठला निघतो,” सून म्हणाली. स्रवंती माहेरची तेलुगू, मराठी चांगलं बोलायची, पण क्रियापदाशी येऊन जरा थबकायची. “दुपारी कोण बोलणार तिच्याशी?”

मग सगळ्यांनी हिम्मतरावांकडे पाहिलं. हिम्मतरावांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

संक्रांतीपर्यंत रेणूला मोजता आलं तर दुपार आपली, नाहीतर हब्सीगुड्याची. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर हिम्मतरावांना हे नीट समजलं, आणि त्यांनी बोलायचं ठरवलं.

पण बोलायचं म्हणजे काय, हा प्रश्न उरलाच. कुठलीही गोष्ट आधी मनात लिहून, खाडाखोड करून मगच तोंडातून काढायची त्यांची सवय. पहिल्या दुपारी त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, “रेणू, तुझ्या उजव्या आणि डाव्या पायांतील चपलांची एकूण संख्या किती होईल बरं?”

रेणूने त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “आजोबा, तुम्ही बातम्यांसारखं का बोलताय?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाक्य लहान केलं. ते इतकं लहान झालं की नुसतं “किती?” उरलं. समोर जे दिसेल त्याकडे बोट करून ते “किती?” म्हणू लागले. रेणू काही दिवस “खूप” असं उत्तर देत राहिली. नंतर नंतर आजोबांनी बोट उचललं की तीच “खूप” म्हणायची आणि पुस्तकात नाक घालायची.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या फ्लॅटमधले एकनाथराव रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. ते चपला न काढता दारातच उभे राहून सल्ला देत, त्यामुळे त्यांना बसा म्हणता येत नसे आणि ते जातही नसत.

“लाइट घ्या, हिम्मतराव, एवढं मनावर नका घेऊ,” ते म्हणाले. “हे बोलणंबिलणं नक्को. पोरीला पावकी पाठ करवा. पावकी, निमकी, पाऊणकी. आमच्या वडिलांनी आम्हाला पहाटे उठवून करवली. आज बघा.”

हिम्मतरावांनी बघितलं. एकनाथराव नेहमीसारखेच दिसत होते.

“पण तिला अजून तीन येत नाही,” हिम्मतराव म्हणाले.

“तीन येत नाही म्हणून पाऊण नको का? पाऊण तर तीनपेक्षा लहान आहे.”

यावर काय उत्तर द्यावं ते हिम्मतरावांना सुचलं तोवर रात्रीचे अकरा वाजले होते.

मग जास्त-कमी सुरू केलं. हे मात्र रेणूला लगेच आवडलं. भाजीच्या गाडीवर दुधी जास्त, भेंडी कमी. आजीचे केस जास्त, आजोबांचे कमी. हिम्मतराव पहिल्यांदाच समाधानी झाले, आणि त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत विमलाबाई शिरल्या. विमलाबाई चौथ्या मजल्यावरच्या. मूळच्या नांदेडकडच्या, टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेल्या आणि अंगाने भरभक्कम. लिफ्टचं दार लागलं. रेणूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे पाहिलं.

“आजोबा, या आजी जास्त आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही कमी.”

हिम्मतरावांनी लिफ्टमधल्या सूचना वाचायला सुरुवात केली. किती माणसांनी चढावं, आग लागली तर काय करावं. आग लागली असती तर बरं, असंही त्यांना वाटून गेलं.

“बरोबर मोजलंस, पोरी,” विमलाबाई शांतपणे म्हणाल्या. “वजनकाट्याला जे सांगायला लाज वाटते ते तू सांगितलंस.” मग हिम्मतरावांकडे वळून, “अन् तुम्ही हो? नातीनं एवढं बोलून दाखवलं, तुम्ही माफी तरी मागा, नाहीतर हसा तरी. मी खात्यात सगळे नमुने बघितले. भांडणारे, रडणारे. पण फोन उचलून नुसता श्वास घेणारा माणूस मला कधी परवडला नाही.”

“मी... म्हणजे...” हिम्मतराव म्हणाले. लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली.

“गणित मागाहून बघा, साहेब,” विमलाबाई बाहेर पडताना म्हणाल्या. “आधी तोंड उघडायचं शिका.”

त्यानंतर महिनाभर हिम्मतराव जिन्याने ये-जा करत होते. पाचवा मजला, गुडघे साठीच्या पुढचे. रेणू मात्र लिफ्टने विमलाबाईंसोबत वर यायची आणि दारात आजोबांची वाट पाहत बसायची.

शेवटी यश आलं ते स्वयंपाकघरातून, आणि त्यात हिम्मतरावांचा हात फार नव्हता. दुपारी उठल्यावर भामाबाई रात्रीच्या भाताचे तांदूळ मोजून निवडायला घ्यायच्या. एका बुटक्या पितळी वाटीने, माणशी एक वाटी. एके दिवशी हिम्मतरावांनी वाटी रेणूच्या हातात दिली आणि, कसं कोण जाणे, त्यांच्या तोंडून साधं वाक्य बाहेर पडलं. “ही कुणाची?”

“तुमची,” रेणू म्हणाली आणि तिने वाटी परातीत रिकामी केली.

“एक,” हिम्मतराव म्हणाले.

“एक नका म्हणू हो,” भामाबाई मागून म्हणाल्या. “धान्य मोजताना पहिल्याला लाभ म्हणतात. तुमच्या आईनंच शिकवलं मला. इतकी वर्षं या घरात भात खाताय, ठाऊक नाही?”

ठाऊक होतं. पण इतकी वर्षं ते मनातल्या मनातच मोजत आले होते, आणि मनात काय म्हणतो हे कोणी विचारत नाही.

“लाभ आजोबांची,” रेणू म्हणाली. तिला तो शब्द फार आवडला. “दोन आजीची. तीन बाबांची. चार अम्माची. पाच माझी.” आणि पाचव्यावर थांबली. हात वाटीत, वाटी पोत्यावर, पण पुढे गेली नाही. आणखी कोणी नव्हतंच.

हिम्मतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तांदळाची धूळ म्हणून चष्मा पुसला. मूठभर नव्हे, पाच. आकडा हातात उतरला होता.

त्या दिवसापासून दुपारचं पुस्तक बंद झालं आणि स्वयंपाकघर सुरू झालं. अडचण एवढीच की ते स्वयंपाकघर भामाबाईंचं होतं आणि त्यात अंकगणितापेक्षा जुने कायदे लागू होते. तिथे पहिली गोष्ट एक नसते. तिथे पानात तीन पोळ्या वाढत नाहीत. वाढायच्याच झाल्या तर तिसरीचा तुकडा मोडून ठेवायचा, म्हणजे त्या तीन होत नाहीत. आणि तिथे काहीही संपत नाही. डबा रिकामा झाला की साखर वाढली म्हणायचं. हिम्मतरावांच्या मनात एकदा आलं की, एक, तीन आणि शून्य वजा केल्यावर गणितात राहतं काय? पण भामाबाईंना हे विचारायचं कसं, याची वाक्यरचना त्यांना जमेना. शिवाय रेणू वाट्या बरोबर मोजत होती. पुढचं पुढे, असं त्यांनी ठरवलं. त्यांच्या आयुष्यातले बहुतेक निर्णय याच पद्धतीने झाले होते.

याच सुमारास शाळेने कळवलं की घरच्या संवादाचा एक व्हिडिओ शाळेच्या ॲपवर टाकायचा आहे. ॲप प्रशांतच्या नावावर होतं. हिम्मतरावांनी ते उघडलं की प्रशांतच्या फोनवर ओटीपी जायचा, आणि प्रशांत नेमका मीटिंगमध्ये असायचा. मीटिंग संपून ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत टळलेली असायची. नव्याने मागावा तर तोवर पुढची मीटिंग. “अण्णा, जरा वेळ बघून करत जा ना,” प्रशांत म्हणायचा. पण कोणती वेळ, ते सांगायचा नाही. असा आठवडा गेला. शेवटी एकदाचा ओटीपी वेळेत लागला आणि हिम्मतरावांनी घाईघाईने जो व्हिडिओ पाठवला, तो मिसना न जाता वर्गातल्या सगळ्या पालकांना गेला. त्यात रेणू नव्हतीच. होता तो लुंगीतून डोकावणारा हिम्मतरावांचा गुडघा आणि मागून भामाबाईंचा आवाज: “सांगून ठेवते, पुन्हा एक म्हणालात तर घरातली बरकत जाईल.”

पालकांनी हसणारे चेहरे पाठवले. एका वडिलांनी हा काही पारंपरिक उपाय आहे का, असं विचारलं. एका आईने, हे काका कोण, किती क्यूट, असं लिहिलं. हिम्मतरावांच्या हयातीत त्यांच्याबद्दल इतक्या लोकांनी एकाच वेळी मत व्यक्त करण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी दोन दिवस गॅलरीत जाणं टाळलं. व्हिडिओ इमारतीतही पोचला होता, तेव्हा एकनाथरावांनी दारात उभं राहून सांत्वन केलं. “गुडघा चांगला आलाय.”

संक्रांत झाली. तपासणीच्या दिवशी स्रवंतीला सुट्टी मिळाली नाही आणि प्रशांत शाळेच्या फाटकापर्यंत येऊन फोनवर अडकला. तेव्हा रेणूचं बोट धरून आत गेले ते हिम्मतराव. लहान मुलांच्या खुर्चीत बसल्यामुळे त्यांचे गुडघे छातीशी आले होते. गुडघ्यांकडे लावण्या मिसचं लक्ष गेलं आणि त्यांनी ओळखल्यासारखं स्मित केलं.

मिस स्वभावाने चांगल्या होत्या. “रेणू, कौनसी भी लँग्वेज में बोलो, चलेगा,” त्या म्हणाल्या. “घर की बोली में.” हिम्मतरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी मान डोलावली. घरची बोली म्हणजे आपलंच मैदान.

मिसनी मण्यांची वाटी पुढे केली. घरात किती माणसं, माणशी एक मणी काढ. रेणूने पहिला मणी उचलला, आजोबांच्या सदऱ्याच्या बटणाला टेकवला आणि टेबलावर ठेवला. “लाभ आजोबा. दोन आजी. तीन बाबा. चार अम्मा. पाच मी.” पाच मणी, सरळ ओळीत.

“व्हेरी नाइस. पण फिर से बोलो. पहला कौनसा?”

“लाभ.”

“वन बोलो. एक.”

“एक नाही म्हणायचं,” रेणूने मिसना समजावलं. “बरकत जाते.”

मिसनी काहीतरी लिहिलं. मग ताटलीत दोन पुठ्ठ्याच्या पोळ्या ठेवल्या, तिसरी हातात धरली. दो रोटी है, एक और दी, कितनी हुई?

रेणूने ती तिसरी पोळी हातात घेतली, कोपऱ्यातून नीट तुकडा फाडला आणि मग त्या दोन्हींवर ठेवली. “आता चालेल,” ती म्हणाली.

मिसनी फाटक्या पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा काही लिहिलं. शेवटी कपात पाच बटणं घातली, एकेक करत सगळी काढून घेतली आणि कप उलटा करून दाखवला. “अब कितने बचे?”

“वाढली,” रेणू म्हणाली. मिसना कळलं नाही हे पाहून तिनेच मदत केली. “ज्यादा हो गए.”

आता बोलायची वेळ होती. हे हिम्मतरावांना समजलं. एवढंच सांगायचं होतं की, मॅडम, मुलीला सगळं येतं. पहिल्याला आमच्यात लाभ म्हणतात. एक वाक्य. त्यांनी ते मराठीत तयार केलं. मग मिसना मराठी येत नाही म्हणून हिंदीत केलं. मग आपलं हिंदी दखनी आहे, शाळेत ते बरं दिसणार नाही, म्हणून इंग्रजीत केलं. इन अवर फॅमिली, इट इज. की वॉज. की हॅज बीन. ग्रंथालयात असताना ते कार्डावरचं स्वल्पविरामाचं स्थानसुद्धा तपासल्याशिवाय पुढे जात नसत. आत्ताही ते हॅज बीनपाशी थांबले होते. रेणू त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांच्या कानात लिफ्टमधला विमलाबाईंचा आवाज आला, आणि त्याने तर उरलंसुरलं वाक्यही पुसून टाकलं.

“शी इज अ व्हेरी स्वीट चाइल्ड, सर,” मिस म्हणाल्या. “थोडे गॅप्स हैं. सेंटर भेजेंगे तो ठीक हो जाएगा.”

“इट हॅज,” हिम्मतराव म्हणाले.

“जी?”

दार उघडून पुढचे पालक आत आले. हिम्मतराव त्या छोट्या खुर्चीतून उठू लागले तेव्हा खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती काढायला पुढच्या पालकांनी मदत केली. ते आभार मानायलाही विसरले.

संध्याकाळी स्रवंतीने रेणूकडून सगळं ऐकलं आणि ती हसायलाच लागली. “अय्यो, आमच्या अम्मम्मा, म्हणजे आईची आई, त्यापण असंच. लाभम्, रेंडु, मूडु. एक कधीच नाही म्हणायच्या.” मग तिचं हसू थांबलं. “मामय्या, म्हणजे हिला येतं की. तुम्ही सांगितलं नाही मिसना?”

“सांगणारच होतो,” हिम्मतराव म्हणाले.

भामाबाईंनी त्यांच्या पानात पोळी वाढली, आणि वाढताना थोडा जास्तच आवाज केला. मी जाऊन बोलू का, असं स्रवंतीने विचारलं, पण प्रशांतने मगाशी गाडीतूनच फोनवर केंद्रात नाव घातलं होतं. “आणि क्लास वाईट थोडाच असतो,” तो म्हणाला. “अण्णांनाही तेवढी दुपारी विश्रांती.”

सोमवारपासून दुपार मोकळी झाली. हिम्मतरावांनी आरामखुर्ची गॅलरीकडे वळवली, मग परत होती तशी केली. पुस्तक उघडलं. एका पानाला नाक लावून पाहिलं. वास होता, पण दाखवायला कोणी नव्हतं. जिन्यात विमलाबाई भेटल्या. त्यांनी विचारलं, पोरगी दिसत नाही. हिम्मतरावांनी त्यांना सगळं सांगितलं. पहिल्यांदा सलग, न अडखळता, लाभापासून खुर्चीपर्यंत. विमलाबाई भाजीची पिशवी कठड्यावर टेकवून ऐकत राहिल्या.

“छान सांगितलंत,” त्या शेवटी म्हणाल्या. “जिथं सांगायचं तिथं सोडून.”

महिन्याभरात रेणू बदलली. एका रविवारी सगळे घरात असताना तिने आपणहून पितळी वाटी घेतली आणि परातीसमोर बसली. प्रशांतने फोन काढला, शूटिंगसाठी. भामाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हिम्मतराव बुटकं स्टूल ओढून शेजारी बसले.

रेणूने पहिली वाटी भरली आणि आजोबांच्या सदऱ्याच्या बटणाला टेकवली.

“वन,” ती म्हणाली.

हिम्मतरावांनी भामाबाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी म्हणतील असं त्यांना वाटलं. भामाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि गप्प राहिल्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्या अशा गप्प राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

“टू आजी. थ्री बाबा. फोर अम्मा. फाइव्ह मी.” मग तिने परात हलवून तांदूळ सपाट केले आणि विचारलं, “बरोबर ना, आजोबा?”

प्रशांतने टाळ्या वाजवल्या. स्रवंतीने वाजवल्या. आता बोलायचं ते हिम्मतरावांनीच. यावेळी भाषा मराठी होती, ऐकणारी समोर होती, कोणी दार उघडून आत येणार नव्हतं, आणि वाक्यही तयार होतं. रेणू, बाळा, मघाशी पहिल्या वाटीला तू वन म्हणालीस, तिला पुन्हा एकदा जुन्या पद्धतीनं लाभ म्हण.

“बरोबर,” हिम्मतराव म्हणाले, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.